आधी ऐका, मग उघडा

१९८८ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होतो. अब्बा मिरज स्टेशनसमोर टॅक्सी चालवायचे. टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे तिला सगळे 'फियाट'च म्हणत. मिरजेला दवाखान्यांसाठी लांबलांबून माणसं येतात, कोकणातून, कर्नाटकातून. त्यांना आणायचं, बरं वाटलं की घरी पोचवायचं, हा अब्बांचा धंदा. घर त्याच्यावर चाले.

त्या आठवड्यात गाडी जरा बिघडली होती. स्टेशनवर उभी असली की थरथरायची, मधेच एक ठोका चुकवायची. गॅरेजच्या भाषेत याला 'गाडी मिसिंग करते' म्हणतात. अब्बा दुपारी झोपले असताना मी बॉनेट उघडलं आणि स्क्रू-ड्रायव्हरने कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू फिरवले. किती फेरे फिरवले, कुठल्या बाजूला, काही मोजलं नाही. थोडा वेळ आवाज सुधारल्यासारखा वाटला. मी खूश होऊन बॉनेट बंद केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका आजींना हातकणंगल्याकडे सोडायचं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. सोबत त्यांचा मुलगा. मी पुढे अब्बांशेजारी. कृष्णेवरच्या अंकली पुलापर्यंत गाडी काळा धूर सोडत कशीबशी गेली आणि तिथे बंद पडली. वरून पाऊस. मुलगा आईच्या डोक्यावर छत्री धरून बसलेला, कारण आमच्या गाडीची एक काच नीट वर चढत नव्हती. अब्बांनी चारी प्लग काढले. चारीच्या चारी काजळीने काळेभोर. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बस. प्लग घासले, वायरी पुसल्या, कार्बोरेटरचा स्क्रू कानाने ऐकत परत जागेवर आणला. तासाभराने गाडी निघाली. आजींकडून त्यांनी भाडं घेतलं नाही.

संध्याकाळी मला जवळ बोलावून ते एवढंच म्हणाले, "पैले सुन, फिर खोल." आधी ऐक, मग उघड. मूळ दोष कार्बोरेटरमध्ये नव्हताच. तीन नंबरच्या प्लगची वायर चिरली होती आणि पावसाळी हवेत तिच्यातली वीज इंजिनच्या अंगाला पळत होती. दोष वायरीचा, आणि शिक्षा मी कार्बोरेटरला दिली.

आज मी जे सांगणार आहे ते या एका वाक्याचाच विस्तार आहे. आता कार्बोरेटरच्या गाड्यांबद्दल कशाला बोलायचं, असं कुणी म्हणेल. नव्या मोटारींमधून कार्बोरेटर २००० सालच्या आसपास जाऊ लागला. मुंबईच्या रस्त्यांवरून तर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. पण दुचाकींचं बघा. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम आले, तोवर आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरी आणि मोटारसायकली कार्बोरेटरवरच निघत होत्या. त्यातल्या असंख्य आजही दारादारात उभ्या आहेत. शिवाय जुनी मारुती, जुनी जीप, कुणाच्या वडिलांची फियाट. तेव्हा हा विषय अजून संपलेला नाही.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. सिलिंडरमध्ये नीट दाब, नेमक्या क्षणी ठिणगी, आणि हवा व पेट्रोल यांचं योग्य मिश्रण. वजनात बघितलं तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा. आकारात बघितलं तर आश्चर्य वाटेल: एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. म्हणजे इंजिन पेट्रोल पितं त्याहून कितीतरी पटीने हवा पितं.

ही हवा आणि पेट्रोल एकत्र करण्याचं काम कार्बोरेटरचं. डासांवर मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवा. हवा जोरात नळीच्या तोंडावरून गेली की डब्यातलं औषध आपोआप वर ओढलं जाऊन फवारा उडतो. कार्बोरेटरमध्येही तेच. त्याचा गळा मध्ये आवळलेला असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल ओढलं जातं. शेजारच्या वाटीत पेट्रोलची पातळी ठरावीक राहावी म्हणून एक तरंगता गोळा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. आपल्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच. गाडी स्लोला असताना हवा फार मंद असते, म्हणून त्यासाठी वेगळं, अगदी बारीक जेट असतं. त्याचं भोक असतं सुमारे अर्ध्या मिलिमीटरचं. त्यात कचऱ्याचा एक कण अडकला की गाडी स्लोला थांबेनाशी होते.

आता ऐकण्याबद्दल. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. स्लोला ते मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे सगळ्या मिळून सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. क्रमही ठरलेला: एक, तीन, चार, दोन. आपल्या कानाला या ठिणग्या वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत, पण एक गळली तर लगेच कळतं. कवितेत एक मात्रा पडली की जीभ अडखळते, तसंच हे. आमच्या मिरजेत सतार-तंबोरे बनवणारे कारागीर जवारी लावताना तारेखाली दोरा सरकवतात आणि कान देऊन बसतात. मिस्त्रीचं पहिलं कामही तेच. बॉनेट न उघडता, नुसतं उभं राहून ऐकायचं.

काय ऐकायचं? पहिला प्रश्न: ठोका नियमित चुकतो की वाटेल तेव्हा? ठेक्यात, ठरावीक अंतराने चुकत असेल तर बहुधा एकाच सिलिंडरचा दोष असतो. त्याचा प्लग, त्याची वायर किंवा त्याचा व्हॉल्व्ह. कधी चुकतो, कधी नाही, असं असेल तर दोष सगळ्यांच्या सामाईक जागी शोधायचा: पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटरचं कॅप, किंवा पेट्रोलचा पुरवठा.

दुसरा प्रश्न: केव्हा? फक्त स्लोला थरथरते आणि वेगात गुळगुळीत चालते, तर स्लोचं जेट तुंबलं असेल किंवा कुठून तरी फाजील हवा आत शिरत असेल. उभी असताना ठीक, पण पाय दाबला की गचका खाते, तर कार्बोरेटरमधला छोटा पंप बघायचा, जो पाय दाबताच जास्तीचं पेट्रोल सोडतो. घाट चढताना दम तोडते, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा ठिणगी अशक्त आहे. थंड असताना त्रास देते तर चोक बघा. तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने शहाण्यासारखी चालू होते, तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देत असेल, नाहीतर उन्हात पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होत असेल. ही उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं, आणि अजून एकही पाना हातात घेतलेला नाही.

मग बॉनेट उघडायचं. दोषी सिलिंडर शोधायची जुनी युक्ती अशी: इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिचं टोक इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवायचं आणि इंजिन चालू करायचं. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता, तो निर्दोष. काहीच फरक पडला नाही तर चोर तिथेच आहे. असं चारी सिलिंडरना एकेक करून बघायचं. काही जण चालू इंजिनवर हातानेच वायर उपटतात. तसं करू नका. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमधून बाहेर पडताना हजारो व्होल्ट होतात. झटका जोरात बसतो, आणि हात दचकून फिरत्या पंख्यात जातो तो वेगळाच.

पुढचा साक्षीदार म्हणजे प्लग. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघा. फिकट तपकिरी, दुधाच्या कॉफीसारखा असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. तेलाने चिकट काळा असेल तर आतून ऑइल वर येतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचं काम निघालंय. आणि पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचलंय पण ठिणगीच पडत नाही. चारी प्लग नंबरवार ओळीत मांडून ठेवावेत. चारीचा रंग सारखाच बिघडलेला असेल तर दोष सामाईक. एकाचाच वेगळा असेल तर तो एकट्या सिलिंडरचा. संशय असेल तर दोन प्लगांची अदलाबदल करा. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर वायर किंवा इंजिन.

वायरी तपासायला अंधार हवा. रात्री दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून, उघड्या बॉनेटमध्ये लांबूनच बघा. चिरलेल्या वायरीवर बारीक निळसर ठिणग्या पळताना दिसतील. त्या जुलैत मी एवढं केलं असतं तर आजी पावसात भिजल्या नसत्या. पावसाळ्यात कॅपच्या आतही ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी सुधारते, असं कितीदा होतं. पॉइंट असलेल्या गाडीत पॉइंटच्या दोन टोकांवर खड्डा पडलाय का बघा. त्यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडं कमी असतं. ते डोळ्याने नाही, फिलर गेजने मोजायचं. कारण हे अंतर बदललं की ठिणगीची वेळही बदलते.

ठिणगी ठीक निघाली तर दाबाकडे वळा. कॉम्प्रेशन गेज बऱ्याच गॅरेजांत असतो. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा फार कमी असेल तर कार्बोरेटर कितीही साफ करा, उपयोग नाही. पण त्यातही घाबरण्याआधी टॅपेटचं अंतर बघून घ्या. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, ते योग्यच झालं. शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं. पण ते शिसं जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखं काम करायचं. त्यामुळे जुन्या गाड्यांत ही बैठक झिजते, टॅपेट घट्ट होतात, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब गळतो.

मग फाजील हवा. कार्बोरेटरच्या बुडाखाली गॅस्केट असतं, मॅनिफोल्डला गॅस्केट असतं, रबरी नळ्या असतात. यातलं काही फाटलं की मोजून न दिलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. स्लोला हवा मुळातच थोडी लागते, म्हणून तिथे ही चोरी जास्त जाणवते. शोधायची रीत साधी आहे. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं सांध्यांवरून सावकाश फिरवा. गळती असेल तिथे 'सूं' असा आवाज येतो. किंवा इंजिन तापायच्या आत सांध्यावर पिचकारीने थोडं पाणी सोडा. क्षणभर आवाज बदलला तर जागा सापडली. यासाठी पेट्रोल किंवा पेट घेणारा फवारा मारणारे पाहिले आहेत. त्या मार्गाला जाऊ नका.

त्यानंतर पेट्रोलची वाट. टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र तुंबलंय का? झाकण सैल केल्यावर गाडी नीट चालली तर दोष तोच. फिल्टर तुंबलाय का? पंपाचा पडदा फाटलाय का? वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढून बघा. तळाला पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक पडलंय, तो बुडतोय आणि पातळी वाढतेय.

आणि आता, सगळ्यात शेवटी, कार्बोरेटरचे स्क्रू. मिक्श्चरचा स्क्रू फिरवण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि किती फेरे गेले ते मोजून लिहून ठेवा. मग तेवढाच परत बाहेर. काही बिघडलं तर निदान मूळ जागी येता येईल. पुढची जुळणी इंजिन पूर्ण तापल्यावर, पाव-पाव फेऱ्याने, आवाज सर्वांत भरीव आणि स्थिर होईपर्यंत. जेट साफ करायचं तर हवेने, तारेने नाही. पितळेच्या भोकाला तार लागली की ते मोठं होतं आणि गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते.

या क्रमाचा एक उपनियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, पॉइंट आणि जेट एकाच दिवशी बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही. खिशातून मात्र तिन्हीचे पैसे गेलेले असतात.

दोन सूचना जीवाशी संबंधित आहेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून जुळणी करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. पेट्रोल जास्त जाणाऱ्या गाडीत हा वायू आणखी वाढतो. दुसरं, गाडी चालू होत नाही म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून कुणाला स्टार्टर मारायला सांगू नका. उलटा भडका उडतो आणि बाटली हातातच असते.

एक नवी गोष्ट अब्बांच्या काळात नव्हती. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. २०२५ मध्ये हे प्रमाण देशभरात वीस टक्क्यांपर्यंत पोचलं. आमच्या भागात ऊसवाल्यांना यातून चार पैसे मिळतात, हे मी जाणतो. पण जुन्या गाडीने त्याची दखल घ्यायला हवी. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून त्याच जेटमधून आलेलं मिश्रण थोडं पातळ पडतं. नव्या गाडीत संगणक ते सांभाळून घेतो. कार्बोरेटरला तेवढी अक्कल नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरतं आणि जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत याचा त्रास जास्त. नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत, आणि गाडी अधूनमधून फिरवत राहावी.

हे मी अनुभवाने सांगतो. अब्बा गेल्यावर ती फियाट आम्ही ठेवली, परवाना परत करून घरगुती करून घेतली. मधे ती पुन्हा स्लोला थरथरू लागली. एका गॅरेजमध्ये सांगितलं, कार्बोरेटर संपला, मिळणं अवघड, त्यापेक्षा भंगारात द्या. घरच्यांनाही ते पटत होतं. मी दोन दिवस मागून घेतले. ऐकलं: फक्त स्लोला त्रास, वेगात नाही. प्लग काढले: चारीच्या चारी पांढरट, म्हणजे हवा जास्त, आणि दोष सामाईक. रात्री वायरी बघितल्या, ठिणगी कुठे पळत नव्हती. मग रबरी नळी कानाला लावली. कार्बोरेटरच्या बुडाशी 'सूं' आवाज. गॅस्केट सुकून चिरलं होतं आणि वरचे नट ढिले झाले होते. गॅस्केट शंभर रुपयांच्या आत मिळालं. पेट्रोलच्या नळ्याही कडक झाल्या होत्या, त्या बदलल्या. कार्बोरेटर आजही तोच आहे.

त्या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. घाईत माणूस समोर दिसतं त्यालाच धरतो; मीही तेच केलं होतं. पण चुकीच्या निदानाची किंमत गाडीमालक देतो. आणि ज्याचं पोट गाडीवर आहे, रिक्षावाला असो, दूधवाला असो, त्याला ती किंमत परवडत नाही. म्हणून गॅरेजमध्ये जाताना निदान एवढं सांगता यावं: त्रास केव्हा होतो, ठोका कसा चुकतो, प्लगचा रंग कसा होता. मग मिस्त्रीलाही अंदाजाने पार्ट बदलावे लागत नाहीत.

गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात अब्बांची एक छोटी वही आहे. कधी काय केलं, स्क्रू किती फेरे, प्लग कधी बदलले, सगळं तारीखवार. गॅस्केटची नोंद करायला मी ती उघडली तेव्हा मागची पानं चाळली. १९८८ च्या जुलैचं पान सापडलं. लिहिलं होतं: 'वायर तीन नंबर नवी. चारी प्लग साफ. स्क्रू दीड फेरा.' स्क्रू कुणी फिरवला होता, हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)